बसवणारा आणि उघडणारा

मोटारगाडीचा इतिहास बहुतेक वेळा वरून सांगितला जातो. कोणत्या संस्थानिकाने कोणती गाडी आणली, तिला रंग कोणता होता, ती किती वेगाने धावायची, तिच्यातून कोण कोण बसून गेले. आज मी तो खालून सांगणार आहे. गाडी जॅकवर उचलायची, लोखंडी घोड्यांवर नीट टेकवायची, जमिनीवर गोणपाट अंथरून उताणे पडायचे आणि वर पाहायचे. चिखलाचे वाळलेले थर, गंजाचे पोपडे, काळ्या पडलेल्या कमानी आणि जागच्या जागी जाम झालेले बोल्ट दिसतात. हाही इतिहासच आहे. फक्त तो कागदावर नाही, लोखंडावर आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, मिस्त्री नव्हे. पण गोंदियातल्या ज्या मोहल्ल्यात मी वाढलो, तिथे कुणाचा टांगा होता, कुणी ट्रकवर क्लीनर होता, तर कुणाचे छोटेसे गॅरेज होते. घरात हिंदी-उर्दू, शाळेत मराठी आणि गॅरेजमध्ये या सगळ्यांची खिचडी. नट-बोल्टला जे पेच असतात त्यांना पुण्या-मुंबईकडे ‘आटे’ म्हणतात, आमच्याकडे ‘चुडी’. बोल्टची चुडी गेली म्हणजे काय, हे मला यमक म्हणजे काय हे कळण्याच्या आधीपासून ठाऊक होते.

आता ‘कमान’ हाच शब्द घ्या. मूळ फारसी. अर्थ धनुष्य. उर्दू-फारसी कवितेत प्रेयसीच्या भुवईला कमान म्हणतात. मराठीत दरवाजावरच्या अर्धगोल बांधकामाला कमान म्हणतात, घड्याळातल्या स्प्रिंगलाही कमान म्हणतात. आणि गॅरेजमध्ये गाडीच्या मागच्या चाकांवर जे वाकलेल्या पोलादी पट्ट्यांचे जुडगे असते, तीही कमानच, आमच्याकडे कमानी. सर्वांत लांब पट्टा वर, त्याखाली त्याहून आखूड, मग त्याहून आखूड. चाक खड्ड्यात गेले की पट्टे दबतात, एकमेकांवर घासतात आणि तो धक्का आपसांत वाटून घेतात. बसणाऱ्याच्या कमरेपर्यंत त्याचा थोडाच भाग पोचतो.

माणसाने चाक शोधले त्याला हजारो वर्षे झाली. पण धक्का सोसणारी पोलादी कमान त्या मानाने अलीकडची. युरोपातल्या जुन्या बग्ग्या चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेल्या असत. लंडनच्या ओबाडाया इलियट या गाडीबांधणी कारागिराने १८०४ च्या सुमारास लंबवर्तुळाकार पोलादी कमानी बग्गीला बसवल्या आणि प्रवासाची रीतच बदलली. आपल्या धानाच्या प्रदेशात बैलगाडीला कमान नव्हतीच. गाडीत तणस पसरायचे, वर चादर टाकायची. तेवढेच आमचे सस्पेन्शन. टांग्याला मात्र कमान होती. गोंदियासारख्या जंक्शन स्टेशनबाहेर उभ्या राहणाऱ्या टांग्यांमुळे कमान दुरुस्त करणारे हात या गावात मोटारींच्या आधीच तयार होते. टांग्याचा लोहार पुढे मोटारीचा मिस्त्री झाला, ही गोष्ट एकट्या गोंदियाची नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांची आहे.

स्वातंत्र्यानंतर या हातांखाली तीन गाड्या आल्या. पहिली जीप. ती आणणाऱ्या कंपनीचे मूळ नाव आज फार थोड्यांना आठवते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ती स्थापन झाली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. १९४७ साली कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. त्याच वर्षी फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. जीप मात्र इथेच राहिली. चारही चाकांवर पट्ट्यांच्या कमानी असलेली ही गाडी वनखात्याची, पोलिसांची, पाटबंधारे खात्याची आणि निवडणुकीची गाडी म्हणून आमच्या देवरी-सालेकशाकडच्या जंगलवाटांवर धावली.

दुसरी अ‍ॅम्बॅसडर. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ ची. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली ही गाडी १९५७-५८ मध्ये बाजारात आली आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले. तिच्या पुढच्या चाकांना पीळ घेणारे पोलादी दांडे, मागे पट्ट्यांच्या कमानी.

तिसरी आपली मराठी मातीतली म्हणावी अशी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या बाहेर पडल्या, मग इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. १९७४ च्या सुमारास तिचेच नाव पद्मिनी झाले. चितोडच्या राणीचे नाव. सोळाव्या शतकात अवधी भाषेत लिहिणाऱ्या मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीमुळे ते नाव देशभर पोचले होते. पुढच्या चाकांना गोल स्प्रिंगा, मागच्या चाकांना पट्ट्यांच्या कमानी. लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

या तीन गाड्यांमुळे मिस्त्रीच्या पेटीत दोन प्रकारचे पाने आले. जीप अमेरिकेची, अ‍ॅम्बॅसडर इंग्लंडची, म्हणून त्यांचे पाने इंचाचे. फियाट इटलीची, म्हणून तिचे मिलिमीटरचे. बोल्टचे आटे सगळीकडे एकसारखे असावेत हा विचार इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडला होता. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. तरीही पुढची कित्येक वर्षे आमच्या बालाघाट रोडवरच्या गॅरेजमध्ये इंच आणि मिलिमीटर एकाच तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेले असत.

त्या काळी गाडी मोडीत का निघत नसे, हेही समजून घेतले पाहिजे. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर, नुसती जुळणी न करता सुटे भागही इथेच बनवणाऱ्यांनाच परवानगी राहिली. १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स आणि फोर्डही काम बंद करून निघून गेली. नव्या गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा काळात ज्याच्याकडे गाडी होती, तो ती जपे. आणि जपायची म्हणजे दुरुस्त करायची. कारखान्याने गाडी एकदा बनवली. पुढची तीस-चाळीस वर्षे ती मिस्त्र्यांनी पुन्हा पुन्हा बनवली.

माझ्या मामूंकडे १९७८ ची पद्मिनी होती. धानाची शेती, त्यामुळे गाडी नुसती माणसांची नव्हती. मागच्या डिकीतून खताची पोती यायची. पोते फाटले की युरिया, पोटॅश डिकीच्या कानाकोपऱ्यात सांडायचे. वर पावसाळा. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत पाणी महिनोन् महिने उभे असते, कच्च्या रस्त्यावरचा चिखल चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतो आणि तिथेच ओला राहतो. लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज चढतो. त्यात खताचे क्षार मिसळले की तो दुप्पट वेगाने खातो. शेवटी गाडी मागच्या डाव्या अंगाला झुकली. काही वर्षांपूर्वी ती गॅरेजमध्ये नेली तेव्हा मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, “पट्टा तुटला आहे. बोल्ट जाम आहेत. चालवत घरी नेऊ नका.”

हे सांगणे घाबरवण्यासाठी नव्हते. मागचा संपूर्ण अ‍ॅक्सल या कमानींनीच जागेवर धरलेला असतो. एका बाजूचा मुख्य पट्टा टोकाशी तुटला तर अ‍ॅक्सल तिरपा सरकतो आणि गाडी आपल्याला हवी तिकडे न जाता तिला हवी तिकडे जाते. शिवाय जीपला वेगळी चासी असते, तशी फियाटला नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हीच चासी. म्हणजे जिथे कमान बोल्टने पत्र्याला जोडली आहे, तिथला पत्रा गंजला असेल तर नवीन कमान बसवूनही उपयोग नाही. मिस्त्रींनी आधी छिन्नीच्या टोकाने तो पत्रा टोचून पाहिला. एका बाजूला छिन्नी आरपार गेली. तिथे नवा जाड पत्रा वेल्डिंगने लावावा लागला. मग कमानीची पाळी.

जाम बोल्ट उघडणे हे ताकदीचे काम आहे असे आपल्याला वाटते. तसे नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. नट आणि बोल्टच्या चुडीत केसाएवढी जी फट असते, ती तो भरून टाकतो आणि पाचरीसारखा ठोकून बसतो. तिथे पान्याला लांब पाइप लावून जोर केला तर बोल्टचे डोके घासून गोल होते, नाहीतर बोल्ट मध्येच तुटतो. म्हणून पहिल्या दिवशी मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. तारेच्या ब्रशने चुड्या घासल्या, रॉकेलमध्ये थोडे ऑइल मिसळून ते सोडले, हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोकले आणि सांगितले, “आज रात्री ते पिऊ द्या त्याला.”

दुसऱ्या दिवशी पाना लावला तो उलटा. म्हणजे बोल्ट सोडवण्याच्या नव्हे, आवळण्याच्या दिशेने. मी विचारले, “चाचा, हे काय?” ते म्हणाले, “पहले कसो, फिर खोलो, शायरसाहेब.” आवळण्याच्या दिशेने जराशी हालचाल झाली की गंजाची पकड मोडते. मग जरा मागे, पुन्हा जरा पुढे, पुन्हा तेल. यू-बोल्टचे नट असे निघाले. एक नट नाहीच निघाला, तर त्याला गॅसने तापवले. नट बोल्टच्या आधी प्रसरण पावतो आणि सुटतो. पण कमानीच्या पट्ट्याजवळ त्यांनी ज्योत येऊ दिली नाही. पोलादाची लवचिकता त्याला दिलेल्या पाण्यात असते. ते एकदा उतरले की पट्टा दिसायला पट्टा, कामाला नुसती पट्टी.

कमानीच्या पुढच्या टोकाचा बोल्ट मात्र वेगळाच निघाला. पाना फिरवला की तो पाव फेरा फिरायचा, आणि पाना सोडला की परत मागे यायचा. आत रबराचा बुश असतो, बुशाच्या मधोमध पोलादी नळी असते आणि त्या नळीतून बोल्ट जातो. बोल्ट गंजून नळीशी एकजीव झाला होता. फिरत होते ते नुसते रबर. अशा वेळी जगातला कोणताही पाना उपयोगाचा नाही. बुशाच्या दोन्ही अंगांना जी बोटभर फट दिसते, तिथून हॅक्सॉने बोल्ट कापायचा. पोलाद कडक, जागा अडचणीची, हात डोक्यावर. एका बाजूला दोन तास लागले, दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त.

दुसऱ्या कमानीचा तसाच बोल्ट काढला तेव्हा मिस्त्रींनी तो तुकडा उजेडात धरला, चुडीवरून नख फिरवले आणि म्हणाले, “हा फियाटचा नाही. जीपचा आहे.” मिलिमीटरच्या गाडीत कुणीतरी, कधीतरी इंचाचा बोल्ट बसवला होता. कारखान्याच्या छिद्रात तो थोडा सैल होता, म्हणून पातळ पत्र्याची गुंडाळी भरली होती. ग्रीसचा मागमूस नव्हता. मला वाटले, आता त्या अनोळखी मिस्त्रीच्या नावाने दोन शब्द निघतील. चाचा एवढेच म्हणाले, “तेव्हा त्याच्याजवळ जे होते ते त्याने लावले. गाडी घरी तर पोचली.”

इतिहासाचे पुस्तक वाचताना टंचाई हा शब्द आपण सहज ओलांडून जातो. परमिट, कोटा, प्रतीक्षायादी हे शब्दही तसेच. त्या दिवशी तो सगळा काळ माझ्या तळहातावर होता, चार इंचांचा, गंजून तांबडा झालेला. नागपूरहून भाग यायला वेळ लागणार, शेतात माणसे खोळंबलेली, म्हणून जीपचा बोल्ट फियाटला लावणारा एक माणूस त्या तुकड्यात होता. त्याचे नाव कुठल्याही नोंदवहीत नाही.

मंडळी, लोखंडाशी विदर्भाचे नाते फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे इसवी सनापूर्वी सहा-सातशे वर्षे इथली माणसे दगडातून लोखंड काढत होती. आमच्या शेजारच्या बालाघाट, मंडला भागात अगरिया समाज कालपरवापर्यंत मातीच्या भट्टीत लोखंड गाळत असे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या लोहासुर या देवतेची माहिती आज आपल्याला मिळते ती अशा नोंदीमुळे. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असून गंजून गेला नाही. त्यातल्या फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार होतो, हे कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. तो स्तंभ घडवणाऱ्या लोहाराचे नाव मात्र कुणालाच माहीत नाही. खांबावर राजाची स्तुती कोरलेली आहे.

मामूंच्या गाडीची तुटलेली कमानही वाया गेली नाही. मोटारीचा पट्टा हे उत्तम पोलाद. खेड्यातला लोहार त्याची वाट पाहत असतो. तो पट्टा तापवतो, ठोकतो, त्याला पाणी देतो आणि त्यातून विळा, कोयता, कुऱ्हाड घडवतो. कुर्ल्याला गाडीखाली बसवलेले पोलाद अशा रीतीने आमच्या धानाच्या कापणीला लागते.

आता काळ बदलला आहे. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावरच थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवलेली. वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. त्यात कितीतरी जीपा गेल्या. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नसावी, याबद्दल दुमत नाही. नव्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, हेही खरे. त्यांचा भाग बिघडला की तो पूर्ण काढून नवा लावतात. बुश वेगळा मिळतच नाही, आख्खा हातच घ्यावा लागतो. काम लवकर होते आणि त्यात कुणाची चूक नाही.

पण गाडीबरोबर आणखी एक गोष्ट मोडीत निघते, तिचे काय? बोल्ट आधी आवळावा. बुश जाम असेल तर जोर न करता कापावा. पट्ट्याजवळ ज्योत नेऊ नये. रबरी बुशाचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळू नयेत, चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन तिच्या कमानींवर आल्यावरच शेवटचा आवळा द्यावा, नाहीतर रबर सतत पिळलेले राहून लवकर फाटते. हे सगळे मी मराठीतल्या कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. ते एका उस्तादाकडून एका शागीर्दाकडे हाताने आले. आमच्या चाचांची मुले या धंद्यात नाहीत. एक औषधाच्या दुकानात आहे, दुसरा नागपूरला संगणकावर काम करतो. त्यांनी वडिलांसारखे हात काळे करावेत असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. चाचांचीही तशी इच्छा नव्हती.

लिहिणाऱ्यांकडे मात्र मी बोट दाखवीन, आणि त्यात मीही आलो. आपण मराठीत किल्ल्यांचा इतिहास लिहिला, घराण्यांचा लिहिला, साहित्यसंस्थांचाही लिहिला. ज्या हातांनी हा देश पन्नास वर्षे चालता ठेवला, त्यांची भाषा आणि त्यांचे ज्ञान लिहून ठेवायला अजून वेळ गेलेली नाही. तुमच्या गावातही एखादा सत्तरीचा मिस्त्री असेल. त्याच्याकडे जा. पान्यांची नावे विचारा, कुठला बोल्ट कसा सुटतो ते विचारा, आणि त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. सगळेच कामाचे निघेल असे नाही. पण काय कामाचे ते पुढचे लोक ठरवतील.

नवीन कमान बसवताना चाचांनी प्रत्येक बोल्टच्या चुडीला आणि दांड्याला बोटाने ग्रीस लावले. गाडीला आता असे किती दिवस राहिले होते? मामूंचे वय झालेले, गाडी चालवणारे दुसरे कुणी नाही. तरी ते ग्रीस अगदी निगुतीने, एकही चुडी कोरडी न ठेवता लावले जात होते. कशासाठी, असे मी विचारले नाही, त्यांनीच सांगितले. “हा बोल्ट पुन्हा कुणीतरी उघडेल. त्याला त्रास नको.”

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)